मिनी ट्रॅक्टर घरीच उचलला: खालच्या शाफ्टचं सील बदलतानाच्या नोंदी

ट्रॅक्टर २०१६ चं मॉडेल, २४ एचपी, चारही चाकांना ड्राइव्ह, तीन वर्षांपूर्वी जुना घेतलेला. तासगाव तालुक्यात नऊ फुटी ओळींच्या द्राक्षबागेत चालतो. काम म्हटलं तर एका ऑईल सीलचं. त्यासाठी ट्रॅक्टर उचलावा लागला आणि त्या उचलण्यातच दोन आठवडे गेले. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर निदान त्याच चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

८ मे

गेले पंधरा दिवस सकाळी ट्रॅक्टर हलवला की खाली मुरमावर ताटलीएवढा काळा डाग दिसायचा. आज बॅटरी घेऊन खाली डोकं घातलं. गिअरबॉक्समधून पुढच्या एक्सलकडे जो शाफ्ट जातो, त्याच्या मागच्या टोकाशी सुतळी, बांधणीची तार आणि ड्रिपच्या लॅटरलचा हातभर तुकडा असं सगळं घट्ट गुंडाळलं गेलंय. गुंता सरकत सरकत सीलपर्यंत पोचला आणि त्याने रबराची ओठी कापली. या शाफ्टवर कंपनीचं पाइपासारखं कव्हर असतं. आधीच्या मालकाने ते काढून टाकलेलं, आणि घेताना मी ते बघितलं नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. सगळं धरून साडेसहा हजार, पण नंबर आठ-दहा दिवसांनी. खरड छाटणीला महिना होत आलाय, सबकेनचं (काडीवरच्या उपफांद्यांचं) काम तोंडावर, थ्रिप्सची (फुलकिड्यांची) फवारणी चालू. ट्रॅक्टर तिकडे नेऊन ठेवणं परवडणारं नाही. घरीच करायचं ठरवलं. काम दोन तासांचं वाटत होतं.

९ मे

पोटाखालची मोकळी जागा मोजली. सर्वांत खालच्या भागापासून जमिनीपर्यंत ११ इंच. उताणं झोपलो की छातीवर पाना फिरवायला जागा उरत नाही. किमान आठ इंच वर घ्यायला हवा, तेही चारही बाजूंनी.

आधी वजन कळावं म्हणून काट्यावर नेला. आरसी बुकात ८४५ किलो आहे, काट्याने ९८५ दाखवले. मागच्या टायरांत पाणी भरलेलं आहे हे मी विसरूनच गेलो होतो, शिवाय पुढच्या बंपरचं वजन. दुसऱ्या पावतीत फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली: ३९५. म्हणजे मागे ५९०. दोन पावत्यांचे १०० रुपये गेले, पण ट्रॅक्टरचं कुठलं टोक किती जड ते कागदावर आलं.

ट्रॉलीचा ५ टनी बाटली जॅक घरात आहेच. ताकदीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो उचललेलं तिथेच राहण्याचा. बाटली जॅकचं सील खराब झालं की तो आवाज न करता खाली येतो, आणि जरा तिरका लागला की एका बाजूने निसटतो. त्यामुळे जॅक फक्त उचलण्यापुरता, आणि अंग खाली घालायचं ते घोड्या (वजन धरून ठेवणारे लोखंडी स्टँड) लागल्यावरच, एवढं पहिल्या दिवसापासून नक्की होतं. बाकीचं काहीच नक्की नव्हतं.

१० मे

शेजारचे तात्या आले. "आरं, एवढा लिंब हाय की दारात. चेन पुली बांध नि घे वर." त्यांनी स्वतः असं इंजिन उतरवलंय, हे खरं आहे. पण इंजिन खाली उतरवणं वेगळं आणि लटकत्या ट्रॅक्टरखाली झोपणं वेगळं. लटकलेलं ओझं पान्याच्या प्रत्येक झटक्याला झुलतं. आणि फांदीला किती झेपतं ते फांदी मोडल्यावरच कळतं. मग बेदाणा शेडच्या अँगलला पुली बांधायचं निघालं. तो अँगल जाळीवरचा बेदाणा पेलायला घातलाय, टनाचं ओझं एका जागी ओढायला नाही. तेही सोडलं.

आबांचं म्हणणं, पूर्वी चर खणून त्यावर गाडी घ्यायचे. आमच्या काळ्या रानात चराच्या कडेवर टनभर वजन आणायची माझी हिंमत नाही. कड ढासळली तर वर ट्रॅक्टर आणि खाली मी.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक घराशेजारी ढीगभर पडलेत. तेवढ्यावर काम भागवणारे पाहिलेत. वीट आधी चिरत वगैरे नाही, एकदम भुगा होते. त्यांना हात लावला नाही.

११ मे

घोड्या विकत घेण्याऐवजी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या. घरी जुना दोन इंची पाइप होता, मजुरी आणि वरचं सामान मिळून १,४०० रुपये. घरी आणून कोब्यावर ठेवल्या तर दोनपैकी एक डुगडुगते. चार पाय केले होते आणि एक पाय सुपारीएवढा आखूड. पुन्हा कापून बसवता आला असता. पण जोड बघितला तर एका बाजूला वेल्डिंग नुसतं वर तरंगलेलं, आत गेलेलंच नाही. पाना मारला, टवका उडाला.

हे पैसे पाण्यात गेले. अगदी शब्दशः, कारण आता त्या घोड्यांवर पाण्याचा पिंप ठेवलाय.

संध्याकाळी सांगलीहून तयार ३ टनी घोड्यांच्या दोन जोड्या आणल्या, १,९५० ला एक जोडी. बिडाच्या खाचांची दांडी, खाली चार पाय पण पट्टीने जोडलेले, आणि शिवाय आडवी पिन. आडवी पिन नसलेल्या स्वस्त मिळत होत्या, त्या घेतल्या नाहीत. खाचेतला खटका अर्धवट बसला तर पिन तरी धरते.

१२ मे

आज पहिला प्रयत्न, शेडबाहेर मुरमावर. आणि आजच सगळ्यात मोठी चूक.

पुढच्या चाकांना उट्या (चाक सरकू नये म्हणून लावायचे अडथळे) लावल्या, मागे हिचच्या (अवजार जोडायच्या) ब्रॅकेटखाली मधोमध जॅक घेतला आणि मागचं अंग उचलायला लागलो. मागची चाकं सुटून तीन इंच वर आली असतील, तेवढ्यात अख्खा ट्रॅक्टर डावीकडे कलंडायला लागला. जोरात नाही, सावकाश, म्हैस बसते तसा. जॅकचं डोकं तिरपं झालेलं दिसलं. मी मागे उडी मारली. मुलगा दहा हातांवर उभा होता, त्याला ओरडून लांब केलं. डावं चाक जमिनीला टेकल्यावर ट्रॅक्टर थांबला. हळूहळू जॅक सोडला आणि अर्धा तास कट्ट्यावर नुसता बसून राहिलो.

कारण नंतर डोक्यात आलं, आणि इतकं साधं होतं की स्वतःचाच राग आला. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो. सरीतून, बांधावरून जाताना चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून तो तसा असतो. म्हणजे पुढून ट्रॅक्टरला आधार फक्त एका पिनेचा. ट्रॅक्टर सरळ उभा असतो तो मागच्या दोन चाकांच्या जिवावर. ती दोन्ही चाकं उचलली आणि खाली मधोमध एकच जॅक दिला की ट्रॅक्टर दोन टोकांवर उभा: पुढे पिन, मागे जॅक. तो कलंडणारच होता. चारचाकी गाडीची सवय डोक्यात असली की इथे फसायला होतं.

खरं तर पुढची चाकं रोज एक वर एक खाली जाताना मीच बघतो.

१३ मे

पाचरी तयार केल्या. एक्सल आणि त्याच्या वरचा बिडाचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना फट असते. तिथे लाकडी पाचर गच्च बसवली की एक्सलचं झुलणं बंद होतं आणि पुढचं-मागचं एक अंग होतं. लाकूड बाभळीचंच हवं, पॅकिंगचं नको, ते दबतं. घरात बाभळीचं म्हणजे आबांच्या कुळवाचं जुनं दिंड. विचारून कापलं. "बैल गेलं, कुळव गेला, आता दिंड बी घे," म्हणाले, पण करवत त्यांनीच आणून दिली.

पाचर नुसती ठोकून भागत नाही. वजन इकडचं तिकडे झालं की एका बाजूची फट उघडते आणि पाचर खाली पडते. मी दोन्ही पाचरींना भोक पाडून तारेने एक्सलला बांधलं.

आज आणखी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. आमच्या ट्रॅक्टरचा हातब्रेकचा अडसर (ब्रेक लावलेला अडकवून ठेवणारा दातेरी खटका) झिजलाय, त्यामुळे उभा करताना मी नेहमी गिअरमध्येच ठेवतो. पुढच्या ड्राइव्हचा दांडा सुटा होता, पाचरी बसवलेल्या होत्या. सपाट जागी, उट्या चार बोटं लांब ठेवून मागचं एकच चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढं उचललं आणि पुढून थोडा ढकलला. ट्रॅक्टर गिअरमध्ये असूनही उटीला जाऊन टेकला. उचललेलं चाक उलटं फिरलं आणि जमिनीवरचं सुलटं. डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागाचं, कामच ते आहे. म्हणजे एक मागचं चाक हवेत असेल तर गिअरवर भरवसा ठेवता येत नाही. हातब्रेकही मागच्याच चाकांवर चालतो, ती दोन्ही उचलली की त्याचाही उपयोग संपला. आणि आमच्या कामात तर पुढचा शाफ्टच काढायचाय, म्हणजे पुढची चाकं पूर्ण मोकळी. धरून ठेवतात त्या उट्याच.

अडसर दुरुस्त केला, एक दात वेल्डिंगने भरून कानशीने घासला. हे काम दोन वर्षं राहिलं होतं.

१४ मे

पाचरी बसवून पुन्हा उचलला. पुढचं अंग आधी, मग मागचं. चारही घोड्यांवर व्यवस्थित बसला. जॅकचं डोकं गोल हाउसिंगवर सरकत होतं, म्हणून चॅनेलचा चार इंची तुकडा त्यावर उलटा ठेवला, म्हणजे हाउसिंग खोबणीत बसलं. बाजूने खांदा लावून हलवून पाहिला, जागचा हलला नाही. साडेसहा झाले होते. सकाळी खाली जाऊ म्हणून तसाच ठेवला.

रात्री साडेनऊला वळीव आला. तासभर धो धो.

१५ मे

सकाळी ट्रॅक्टर वाकडा. मागच्या डाव्या घोडीचे पाय दोन इंच मुरमात गेलेले, घोडी तिरपी, आणि पुढच्या उजव्या घोडीवरून एक्सल पाऊण इंच उचललेला. कोरडा मुरूम दगडासारखा वाटतो. खाली काळी माती आहे हे पाऊस पडल्यावर आठवतं. कालच खाली गेलो असतो तर, हा विचार बायकोने बोलून दाखवला, मी नाही.

उतरवायला दीड तास लागला. तिरप्या घोडीला हात न लावता, शेजारी जाड फळी टाकून त्यावर जॅक घेतला, पाव इंच वर घेतलं आणि घोडी लांबून पहारीने ओढून काढली. घाई केली नाही. घाई करायला अंगात त्राणही नव्हतं.

१६ मे

बेदाण्याचा हंगाम संपल्यामुळे शेड रिकामं आहे. तिथे सिमेंटचा कोबा आहे आणि वर पत्रा. आधीच तिथे जायला हवं होतं, पण पत्र्याखाली दुपारी भट्टी होते म्हणून टाळलं. आता पहाटे आणि संध्याकाळी काम करायचं.

कोबा लेव्हल लावून पाहिला. पाणी जायला दाराकडे उतार ठेवलाय, सहा फुटांत अर्धा इंच. चालेल, फक्त ट्रॅक्टर उताराला आडवा न लावता तोंड दाराकडे केलं. मग हातोडीच्या दांड्याने जागोजागी ठोकून पाहिलं. एका कोपऱ्यात भदभद आवाज आला, खाली भराव खचलाय. ती जागा सोडून दिली.

भंगारवाल्याकडून ८ मिमी जाडीच्या, फूटभर चौरस चार प्लेटा आणल्या. साडेतेवीस किलो, ६० रुपयांनी १,४१० झाले. घोडीचे पाय बारीक असतात, प्लेट दिली की तेच वजन फूटभर जागेवर पसरतं. मुरमावरही या प्लेटा असत्या तर दोन इंच खचलं नसतं. पण म्हणून मी पुन्हा मुरमावर जाणार नाही.

फवारणीला तात्यांचा ट्रॅक्टर आणला. डिझेल आपलं.

१७ मे

आज नीट झालं, म्हणून क्रम सविस्तर लिहितो.

पहाटे साडेपाचला सुरुवात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, डिझेलचा कॉक बंद केला, किल्ली माझ्या खिशात. बंपरचं वजन काढून ठेवलं, वीस किलो उगाच कशाला उचला. पाचरी ठोकून तारेने बांधल्या. हातब्रेक लावला, गिअर टाकला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या. पुढच्यांना अजून नाही, कारण आधी तीच उचलायची.

पुढच्या एक्सलखाली मधोमध जॅक, चार इंच वर. दोन्ही टोकांना, चाकांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, एक्सलखाली घोड्या. त्या आत घेतल्या असत्या तर लावायला सोपं गेलं असतं, पण जितक्या आत तितका तोल कमी. जॅक सोडून वजन घोड्यांवर घेतलं. पिना घातल्या.

मग मागे. हिचच्या ब्रॅकेटखाली जॅक, चार इंच, आणि एक्सल हाउसिंगखाली दोन्हीकडे घोड्या. मागचं वर येताना ट्रॅक्टर पुढच्या घोड्यांवर किंचित फिरतो. म्हणूनच एका दमात आठ इंच घ्यायचं नाही. बायको पुढच्या घोड्यांवर नजर ठेवून होती, पाय उचलला जातोय का एवढंच बघायचं. एकदा "थांबा" म्हणाली. उजव्या घोडीचा एक पाय प्लेटवरून सुपारीएवढा उठला होता. मागचं परत टेकवलं, घोडी सरळ केली, पुन्हा उचललं.

पुन्हा पुढे चार इंच, पुन्हा मागे चार इंच. एकूण एक तास पन्नास मिनिटं.

त्यानंतर दुसरा आधार. दिंडाचे उरलेले ठोकळे दोन आडवे, दोन उभे असे रचत गिअरबॉक्सच्या खाली, बोटभर फट ठेवून थप्पी उभी केली. उंची रुंदीच्या दीडपटीवर जाऊ दिली नाही. आईने पाहिलं आणि म्हणाली, "हे सरणावानी काय रचलंस?" रचना तशीच आहे, काय करणार. घोड्या काही कारणाने गेल्याच तर ट्रॅक्टर बोटभर खाली येऊन थप्पीवर बसेल, माझ्यावर नाही.

शेवटी चारी बाजूंनी खांदा लावून ढकललं, आणि मी खाली नसताना पान्याने एक्सलचा मोठा नट जोर लावून ओढून पाहिला. खाली गेल्यावर जेवढा जोर लागणार त्याच्यापेक्षा जास्त जोर बाहेरून आधीच लावून बघायचा. काही हललं नाही.

एकट्याने खाली जायचं नाही हा नियम बायकोने केला आणि तीच तिथे खुर्ची टाकून बसली. मुलाला शेडबंदी. तो सीटवर चढतो.

१८ मे

आधी सुतळी आणि तार कापून काढली. अख्खी ओंजळ भरली.

मग ऑईल सोडलं आणि इथे पुन्हा वेळ गेला. १२ तारखेच्या गडबडीत जॅकची कड ड्रेन बोल्टच्या डोक्यावर बसली होती, डोकं चेपलेलं. पाना फिरला, मग छिन्नीने हळूहळू सोडवला. पाऊण तास. जॅक कुठे टेकतोय ते उचलायच्या आधी वाकून, बॅटरी मारून बघायचं असतं.

ऑईल चौदा लिटरच्या आसपास निघतं. मी दहा लिटरची पाटी ठेवली होती. भरत आली तेव्हा बोल्ट परत लावायला गेलो, तो हातातून निसटून पाटीतच पडला. तीन-एक लिटर कोब्यावर. ते वाहत मागच्या घोडीच्या प्लेटखाली गेलं. लोखंडी प्लेट, गुळगुळीत कोबा आणि मध्ये ऑईल, यापेक्षा वाईट काही नाही. लगेच बाहेर आलो. राख टाकली, भुसा टाकला, खराट्याने काढला, पुन्हा राख. मागचं अंग जॅकवर तोलून एकेक प्लेट काढून पुसली, खालचा कोबा सोड्याने धुतला आणि कोरडा झाल्यावरच परत लावली. हे करताना खाली कुणी नाही. दुपारचा एक वाजला. पत्र्याखाली उभं राहवेना, काम बंद.

संध्याकाळी कपलरच्या (शाफ्टची टोकं जोडणाऱ्या नळ्यांच्या) पिना काढल्या, दोन्ही कपलर सरकवले, शाफ्ट हातात आला. हे काम वीस मिनिटांचं.

१९ मे

जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलं. नंबरावर चिकटा होता, वाचला तसा कागदावर लिहिला आणि सांगलीला गेलो. १६० रुपयांचं सील आणलं. घरी आल्यावर बसेना. बाहेरचा व्यास दोन मिमीने कमी. जुनं सील डिझेलमध्ये धुतल्यावर आकडे स्पष्ट दिसले: ३५-५२-७. मी आणलेलं ३५-५०-८. जुनं सील खिशात घालूनच जायला हवं होतं. पन्नास किलोमीटरचा हेलपाटा आणि एक दिवस वाया.

२१ मे

काल दुकान बंद होतं. आज योग्य सील मिळालं, २४० रुपये, चांगल्या रबराचं घेतलं. कपलरचे ओ-रिंग ९०.

जुन्या सीलने शाफ्टच्या बैठकीवर नखाला लागेल एवढी खाच पाडली होती. नवीन सील त्याच खोलीवर बसवलं असतं तर ओठी त्याच खाचेत बसून पुन्हा गळलं असतं. म्हणून दीड-दोन मिमी कमी खोल बसवलं, ओठी नव्या जागी आली. स्प्रिंगची बाजू ऑईलकडे. शाफ्टच्या टोकाच्या (स्प्लाइनच्या) दातांवर प्लॅस्टिकची चिकटपट्टी गुंडाळून, ग्रीस लावून मगच सील वरून सरकवलं, नाहीतर दात ओठीला चिरतात. ठोकायला जुन्या पाइपचा तुकडा, एका बाजूला न मारता गोल फिरवत हलके ठोके.

शाफ्ट आणि कव्हर बसवून झालं तेव्हा सव्वा तास झाला होता. कव्हर नवीन, ६५० रुपये. चार महिन्यांपूर्वीच बदललेलं ऑईल फडक्यातून गाळून परत भरलं, सांडलेल्याच्या जागी नवा पाच लिटरचा डबा, १,८५०.

२२ मे

उतरवणं. उचलण्याच्या उलट क्रमाने, चार-चार इंच. आधी थप्पी काढली, मग हत्यारं मोजली. १४ चा पाना सापडत नव्हता, तो गिअरबॉक्सच्या कडेवर होता. जॅकचा स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त सोडला नाही, जास्त सोडला की ट्रॅक्टर दणकन खाली येतो. पन्नास मिनिटं.

सपाटीवर मोजून ऑईल बघितलं, सुरू केला आणि बागेकडे निघालो. बांध ओलांडताना उजवं पुढचं चाक हवेत गेलं आणि ट्रॅक्टर एका अंगावर झुकला. क्षणभर वाटलं पिन तुटली. पाचरी! काढायच्या राहिल्या होत्या. एक्सल झुलतच नव्हता. तिथेच तारा कापून पाचरी काढल्या. आता त्या तारेच्या टोकाला लाल कापडाची लांब चिंधी बांधलीय, ती हूडवर लोंबकळत राहील अशी.

२४ मे

हिशेब. तयार घोड्या ३,९००, प्लेटा १,४१०, फुकट गेलेल्या घोड्या १,४००, चुकीचं सील १६०, बरोबर सील २४०, ओ-रिंग ९०, ऑईल १,८५०, कव्हर ६५०, काटा १००, तात्यांच्या ट्रॅक्टरचं दोन फवारण्यांचं डिझेल ६००. एकूण १०,४००. सर्व्हिस सेंटरने साडेसहा हजार सांगितले होते. बायकोने हा आकडा मोठ्याने दोनदा वाचला.

यातल्या घोड्या आणि प्लेटा राहणार आहेत. पुढच्या उजव्या हबचं सीलही ओलसर दिसतंय, ते पावसाळ्याआधी करायचंय. तेव्हा फक्त पुढचं अंग उचलावं लागेल.

३१ मे

आठवडाभर रोज रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा टाकतोय. गिअरबॉक्सखाली कोरडा. हबखाली एक थेंब.

दुपारी तात्या आले, त्यांच्या ट्रॅक्टरचं क्लच हाउसिंग गळतंय. घोड्या मागितल्या. दिल्या, प्लेटांसकट. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आणि ती लाल चिंधीवाली लाकडं?"

त्यांच्या एक्सलची फट वेगळी आहे, आमच्या पाचरी त्यांना बसणार नाहीत. उद्या सकाळी करवत घेऊन जायचंय.